पाणी ओसरल्यानंतर घरातील वीज

पाणी आणि वीज यांचे नाते आपल्या रायगड जिल्ह्यातील मुलांनी केवळ पुस्तकातूनच शिकावे असे नाही. पनवेलहून पुण्याकडे निघालेला प्रवासी बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोहोचला म्हणजे डोंगराच्या अंगावरून उतरलेले प्रचंड नळ त्याच्या दृष्टीस पडतात. लोणावळ्याच्या बाजूस तलावांत साठविलेले पावसाचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून या नळांतून खाली येते, यंत्रांची चाके फिरविते, आणि त्यातून वीज उत्पन्न होते. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले व त्याच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. जे पाणी घाटावर विजेला जन्म देते, तेच पाणी घरात शिरले म्हणजे विजेला आपल्या मर्यादेबाहेर काढते आणि घरातल्या माणसांच्या जिवावर घालते. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या गोष्टीचा विचार करणार आहो. पुराचे, गळतीचे अथवा ओलीचे पाणी घरातील वायरिंगमध्ये शिरल्यावर नेमके काय घडते, धोका कोठे दडून राहतो, आणि तो कसा टाळावा, हे विद्यार्थ्यांस समजावे व पालकांस उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

पनवेल आणि पावसाळा

पनवेल हे पाण्याच्या शेजारी वसलेले गाव आहे. माथेरानच्या डोंगररांगांकडून येणारी गाढी नदी गावाजवळून वाहते व पुढे खाडीस मिळते. वडाळे, कृष्णाळे यांसारखे तलाव गावात आहेत. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली व २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. म्हणजे गाव जुने आणि शहर नवे, अशी दुहेरी वस्ती येथे नांदते. जुन्या वाड्यांतून लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या तारा कोठे कोठे अजून आढळतात, आणि नव्या इमारतींतून त्याच तारा भिंतीच्या पोटात नळ्यांमधून नेलेल्या असतात.

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. डोंगरावर मुसळधार सर आणि खाडीस मोठी भरती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या म्हणजे नदीच्या पाण्यास पुढे वाट उरत नाही व ते मागे वस्तीत पसरते. २६ जुलै २००५ रोजी हेच झाले. त्या दिवशीच्या अतिवृष्टीत मुंबईस सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. इकडे गाढी नदीचे पाणी पनवेलच्या घरांत शिरले. पुढे २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीने महाड शहर बुडविले, आणि पाणी उतरल्यावरही घरादारांतील चिखल उपसण्यात तेथील लोकांचे कित्येक दिवस गेले. पूर ही आपल्या भागात कधी काळी एकदा घडणारी नवलाची गोष्ट नसून तिच्याशी आपणांस वारंवार गाठ घालावी लागते, हे यावरून उघड होते.

पूर चढत असता प्रत्येक जण सावध असतो. मुलेबाळे, धान्य, कागदपत्रे माळ्यावर जातात. शेजारी शेजाऱ्यास हाक देतो. पाणी ओसरले की मनावरचा ताण उतरतो व घर पूर्ववत करण्याची घाई सुरू होते. फरशी धुतली, गाद्या उन्हात टाकल्या, आणि सायंकाळ झाली की कोणीतरी म्हणतो, "आता दिवा लावून पाहू या." वायरिंगचा खरा धोका या वाक्यापासून सुरू होतो. दिवा लागला तर तारा शाबूत आहेत असे घरच्या मंडळीस वाटते. परंतु दिवा लागणे आणि तारा निर्धोक असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे, व ते पटण्यासाठी थोडे शास्त्र पाहणे अवश्य आहे.

पाणी विजेस वाट कशी देते

जॉर्ज ओहम हा जर्मन शास्त्रज्ञ कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तेथे आरंभिलेल्या प्रयोगांवरून त्याने जो नियम बसविला तो १८२७ साली प्रसिद्ध झाला. दाबास रोधाने भागले असता प्रवाह मिळतो, हा तो नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस पाठ असतो. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. मनुष्याच्या कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो; उदाहरणासाठी तो ५०,००० ओहम धरू. २३० भागिले ५०,००० म्हणजे ०.००४६ अँपिअर, अर्थात ४.६ मिलिअँपिअर. एवढ्या प्रवाहाने मनुष्य दचकतो व हात मागे घेतो. आता तोच मनुष्य ओल्या अंगाने, अनवाणी, पाण्याने भरलेल्या फरशीवर उभा आहे असे समजा. ओलीमुळे त्याच्या शरीराचा रोध १,००० ओहमांपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. वीज तीच, मनुष्य तोच. परंतु केवळ पाण्याने प्रवाह पन्नासपट झाला.

या आकड्यांचा अर्थ काय तो पाहू. एक मिलिअँपिअरच्या सुमारास झिणझिण्या जाणवतात. दहा ते सोळा मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर जपून प्रयोग करून ही सीमा ठरविली; पुरुषांच्या बाबतीत ती सरासरी सोळा व स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास आढळली. तीस मिलिअँपिअरच्या वर प्रवाह काही काळ छातीतून वाहिला तर श्वास व हृदय धोक्यात येतात, आणि शंभर मिलिअँपिअर म्हणजे हृदयाचा ठेका बिघडून मरण ओढवण्याजोगी मजल होय. तुलनेसाठी ध्यानात घ्यावे की, नऊ वॅटच्या लहानशा एल.ई.डी. दिव्यास चालण्यासाठी सुमारे चाळीस मिलिअँपिअर प्रवाह लागतो. घरातील सर्वांत लहान दिवा ज्या प्रवाहावर जळतो, तेवढा प्रवाह मनुष्याच्या हृदयास भारी आहे.

शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी विजेचे चांगले वाहक नाही, असे प्रयोगशाळेत आपण शिकतो, व ते खरे आहे. परंतु पुराचे पाणी शुद्ध नसते. त्यात माती, साबण, गटारातील क्षार आणि आपल्या गावी तर खाडीचे मीठही मिसळलेले असते. हे क्षारच विजेस वाट करून देतात. पाणी वाळून गेले तरी क्षार मागे राहतात, आणि हवेत ओल येताच पुन्हा ओलसर होऊन वाहक बनतात. उन्हाळ्यात बिनतक्रार चाललेला बोर्ड पुढच्या आषाढात चुरचुरू लागतो, त्याचे हे एक कारण होय.

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यास मुठा नदीच्या पुराच्या वेळी डेक्कन जिमखान्यानजीक पुलाची वाडी येथे तीन तरुण आपली खाद्यपदार्थांची हातगाडी सुरक्षित जागी हलविण्याच्या खटपटीत विजेच्या धक्क्याने मरण पावले. ते कोणतेही विजेचे काम करीत नव्हते. पोटापाण्याचे साधन वाचवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पाण्यात वीज उतरली आहे किंवा नाही हे डोळ्यांस दिसत नाही, नाकास कळत नाही, व कानास ऐकू येत नाही. म्हणून जेथे पाणी साचले आहे आणि जवळपास विजेची तार, पेटी अथवा खांब आहे, तेथे वीज आहे असे धरूनच चालावे.

एम.सी.बी. कोणाची राखण करते

पुष्कळ गृहस्थांचा असा समज असतो की, घरात नव्या पद्धतीची एम.सी.बी. बसविली आहे, तेव्हा काही बिघडल्यास ती आपोआप पडेल व आपण वाचू. हा समज सुधारणे अत्यंत अगत्याचे आहे. एम.सी.बी. किंवा जुना चिनीमातीचा फ्यूज यांचे काम तारांची राखण करणे हे होय. तारेच्या शक्तीबाहेर प्रवाह वाहू लागला तर ती तापून पेटू नये, यासाठी ही योजना असते. सोळा अँपिअरची एम.सी.बी. सोळा अँपिअरांपर्यंत स्वस्थ बसते. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. मनुष्याचा प्राण घेण्यास शंभर पुरेत. तेव्हा मनुष्यातून वाहणारा प्रवाह एम.सी.बी.च्या हिशेबी अगदी क्षुल्लक ठरतो.

अर्थिंगचीही गोष्ट अशीच आहे. अर्थिंग म्हणजे यंत्रांच्या धातूच्या अंगास जमिनीशी जोडणारी तार. फ्रिजच्या आत ओल शिरून फेजची वीज त्याच्या पत्र्यावर उतरली तर ती या तारेवाटे जमिनीत जावी, असा हेतू. परंतु जमिनीत पुरलेली पट्टी गंजली असेल, वा तिचा जोड सैल झाला असेल, तर त्या वाटेचा रोध वाढतो. तो ५० ओहम झाला असे समजू. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्याने सोळा अँपिअरची एम.सी.बी. कधीच पडणार नाही; वीज रात्रंदिवस जमिनीत झिरपत राहील, आणि फ्रिजचा पत्रा तोपर्यंत जिवंत तारेसारखाच घातक राहील. फ्रिज चालत आहे, बर्फही होत आहे, आणि दार उघडणाऱ्या मुलाचा हात मृत्यूच्या तोंडी आहे, अशी ही स्थिती.

मनुष्याची राखण करणारे उपकरण निराळे आहे. त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात, बाजारात पुष्कळ लोक त्यास अजून ई.एल.सी.बी. या जुन्या नावाने ओळखतात. फेजच्या तारेने जितका प्रवाह घरात आला तितकाच न्यूट्रलच्या तारेने परत गेला की नाही, याचा हिशेब हे उपकरण क्षणोक्षणी ठेवते. जमाखर्चात तीस मिलिअँपिअरची तूट आली, तर कोठेतरी वीज आडवाटेने जमिनीत जात आहे असे ओळखून ते अर्ध्या सेकंदाच्याही आत पुरवठा तोडते. घरगुती उपयोगासाठी तीस मिलिअँपिअरचेच उपकरण घ्यावे. त्यावर परीक्षेचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून उपकरण पडते की नाही हे पाहावे. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा दोन हातांनी धरल्या, तर जमाखर्चात तूट येत नाही व हे उपकरण वाचवू शकत नाही. शिवाय ते स्वतः पुरात भिजले असेल तर त्याचा भरवसा संपला असे समजून नवे बसवावे.

भिंत वाळते, नळी वाळत नाही

आता आपण पाणी ओसरलेल्या घरात जाऊ. भिंत वरून कोरडी दिसते. परंतु तिच्या पोटातील नळी छतापासून बोर्डापर्यंत, आणि कोठे कोठे फरशीखालून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेली असते. खोलगट भागात शिरलेल्या पाण्यास बाहेर पडण्यास वाटच नसते. तेथे ऊन लागत नाही, वारा लागत नाही. बाहेरचा गिलावा आठ दिवसांत वाळला, तरी आतले पाणी कितीतरी अधिक काळ राहते. जोडापाशी तारेचे वेष्टण सोललेले असते. त्या उघड्या टोकातून तांब्याच्या बारीक तंतूंमधील फटींवाटे, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पाणी आत खेचले जाते. जुन्या घरांतील रबर व सुती वेष्टणाच्या तारा तर पाणी शोषून घेतात व पुढे त्यांचे वेष्टण कुजून गळू लागते.

याचा दुसरा परिणाम सावकाश होतो व म्हणून अधिक फसवा असतो. ओल लागलेल्या तांब्यापितळेवर हिरवट कळंक चढतो, स्क्रूंना गंज लागतो, आणि जेथे तार घट्ट बसली पाहिजे तेथे रोध उत्पन्न होतो. हा रोध केवळ अर्धा ओहम आहे असे समजा. त्या प्लगमधून दहा अँपिअर घेणारे पाणी तापविण्याचे यंत्र चालविले, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १० गुणिले १० गुणिले ०.५, बरोबर ५० वॅट एवढी उष्णता त्या एका स्क्रूच्या जागी निर्माण होते. शिशपेन्सिलीच्या जाडीच्या जागेत पन्नास वॅट उष्णता साठू लागली म्हणजे प्लॅस्टिक काळे पडते, वितळते व शेवटी पेट घेते. या सर्व काळात प्रवाह दहा अँपिअरच असल्याकारणाने एम.सी.बी. पडत नाही, आणि वीज जमिनीत झिरपत नसल्याने आर.सी.सी.बी.ही पडत नाही. पूर जुलैत येऊन गेला आणि आग दिवाळीत लागली, तर त्या दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पूर न येताही ही स्थिती उत्पन्न होते, हे विसरू नये. गच्चीची गळती पंख्याच्या हुकाशी उतरते. न्हाणीघराच्या भिंतीची ओल पलीकडच्या खोलीतील बोर्डास भिडते. कौले सरकली की पागोळ्यांचे पाणी तुळईवरच्या तारांवर ठिबकते. भिंतीस हात लावला असता झिणझिण्या येणे, नळाचे पाणी घेताना मुंग्या आल्यासारखे वाटणे, बोर्डातून चुरचुर आवाज अथवा जळकट वास येणे, दिवा उगीच मंद व प्रखर होणे, बटणाभोवती भिंत पिवळट अगर काळसर पडणे, ही सर्व लक्षणे घरातील मुलांनी ओळखावी व तत्काळ वडीलधाऱ्या मंडळीस सांगावी. "थोडासा करंट येतो, सवय झाली आहे," असे म्हणून जी गोष्ट सोडून दिली जाते, तीच एखाद्या ओल्या दिवशी प्राणांवर बेतते.

काय करावे व काय करू नये

पाणी अंगणात आले असता, ते घरात शिरण्यापूर्वीच, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. शक्य तर फ्रिज, धुलाईयंत्र, मिक्सर इत्यादींचे प्लग काढून ती उंचावर ठेवावी. पाणी आधीच घरात शिरले असेल, किंवा मेन स्विचपर्यंत जाण्यास पाण्यातून चालावे लागत असेल, तर तिकडे मुळीच जाऊ नये. अशा वेळी महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून बाहेरूनच पुरवठा बंद करविणे हा एकच शहाणपणाचा मार्ग होय. नव्या इमारतींतून सर्वांचे मीटर तळमजल्यावर एका पेटीत असतात. ती पेटी बुडाली म्हणजे चौथ्या मजल्यावरील कोरड्या घरासही हा नियम लागू पडतो, व खाली उतरून ती पेटी उघडण्याचे धाडस कोणी करू नये.

पाणी ओसरल्यावर पुरवठा बंद असल्याची खात्री करूनच घरात पाऊल टाकावे. येथे एका नव्या संकटाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. पूर्वी मेन स्विच पडला की घरात वीज नसे. आता घरोघरी इन्व्हर्टर व कोठे कोठे छपरावर सौरपट्ट्या आहेत. बाहेरचा पुरवठा बंद झाला की इन्व्हर्टर आपण होऊन वीज सोडू लागतो, आणि तिचा दाब मुख्य पुरवठ्याइतकाच असतो. सबब इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा; तो भिजला असेल तर त्यास हात न लावता जाणत्या कारागिरास बोलवावे. पुष्कळ मंडळी खिशातील टेस्टर लावून पाहतात व तो पेटला नाही की निर्धास्त होतात. टेस्टर न पेटणे हा वीज नसल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. टेस्टरच बिघडला असू शकतो. घरात गॅसचा वास येत असेल तर कोणतेही बटण, चालू वा बंद, काही करू नये; दारेखिडक्या उघडून बाहेर यावे.

त्यानंतरचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. परंतु त्याने काय करावयास पाहिजे हे घरधन्यास ठाऊक असावे, म्हणजे काम अर्धवट राहत नाही. ते येणेप्रमाणे:

(१) जेथपर्यंत पाणी चढले होते तेथवरचे सर्व बोर्ड व पेट्या उघडाव्यात, चिखल काढावा, नळ्यांतील पाणी काढून त्या वाळू द्याव्यात.

(२) बुडालेली बटणे, प्लग, होल्डर, फ्यूज, एम.सी.बी. व आर.सी.सी.बी. बदलावीत. त्यांच्या आतील बारीक स्प्रिंगा व संपर्कबिंदू धुऊन स्वच्छ होत नाहीत. वाळविल्यावर ती चालल्यासारखी दिसतात, परंतु ऐन प्रसंगी पडतीलच असा विश्वास उरत नाही.

(३) बुडालेल्या तारांची परीक्षा मेगर नामक यंत्राने करावी. हे यंत्र तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन वेष्टणाचा रोध मोजते. तो निदान १ मेगओहम, म्हणजे दहा लक्ष ओहम, भरला पाहिजे. न भरल्यास ती तार बदलावी. जुन्या रबरी तारा परीक्षेची वाट न पाहता काढून टाकाव्यात.

(४) अर्थिंगची पट्टी, तार व जोड पाहून त्यांचा रोध मोजावा.

(५) फेजची तार बटणातूनच गेली आहे, न्यूट्रलची नव्हे, याची खात्री करावी. उलट जोडणी असल्यास बटण बंद करूनही होल्डरात वीज राहते.

(६) पाण्याचा पंप, धुलाईयंत्र, फ्रिज यांची मोटर जाणत्या दुकानात उघडून, वाळवून, तपासून मगच चालवावी. यांतील कपॅसिटर नावाचा भाग प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतो. म्हणून हौसेने कोणी ही यंत्रे घरी उघडू नयेत.

(७) हे सर्व झाल्यावर पुरवठा एकदम सुरू न करता एकेक शाखा क्रमाने चालू करावी आणि प्रत्येक शाखेवर काही वेळ लक्ष ठेवावे.

कोणास शॉक लागला तर

प्रथम पुरवठा बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी, कोरड्या फळीवर अगर रबरी चटईवर उभे राहून, कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. उघड्या हाताने त्या मनुष्यास धरू नये. धरणारा स्वतःच चिकटतो, व एकाच्या जागी दोघे जातात. रस्त्यावरील उच्च दाबाची तार तुटून पडली असेल तर काठीचाही उपयोग नाही. दूर उभे राहून इतरांसही दूर ठेवावे. सुटका झाल्यावर मनुष्य निश्चेष्ट असेल व श्वास घेत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, पाचसहा सेंटिमीटर खोल, जोराने दाबत राहावे. अंगावर पाणी मारणे किंवा मातीत पुरणे यांत अमोल मिनिटे जातात. वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्याने छाती दाबण्याची ही रीत जाणत्या डॉक्टराकडून शिकून घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

पालकांस दोन शब्द

पुराने ज्याचे घर धुऊन नेले त्यास वायरिंग बदलण्याचा खर्च जड वाटावा, यात नवल नाही. भांडी, अंथरूण, मुलांची पुस्तके, सर्वच नव्याने घ्यावयाचे असते; भिंतीच्या आतील तारा कोणास दिसत नाहीत, म्हणून त्या यादीत शेवटी पडतात. त्यातून घर भाड्याचे असेल तर मालक म्हणतो भाडेकरूने करावे, आणि भाडेकरू म्हणतो मालकाने. मीटरपर्यंतची वीज पुरवठा करणाऱ्या कंपनीची आणि मीटरच्या पुढची ग्राहकाची, ही जबाबदारीची वाटणी सर्वांनी लक्षात ठेवावी. त्यापुढे मालक व भाडेकरू यांनी आपसांत काय ठरवावे ते ठरवावे. परंतु तो वाद मिटेपर्यंत दिवे लावून वाट पाहू नये. पैशाची सोय एकदम होत नसेल तर ज्या शाखा बुडाल्या त्या वायरमनकडून संपूर्ण तोडून घ्याव्यात, एक कोरडी, तपासलेली शाखा आर.सी.सी.बी. बसवून सुरू करावी, आणि बाकीचे घर महिन्या-दोन महिन्यांनी उजळावे. दोन रात्री कंदिलावर किंवा बॅटरीवर काढल्याने कोणाचे काही बिघडत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी याच गावात सारा जन्म त्याच उजेडात काढला.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्याकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. ओहमचा नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता. या पावसाळ्यापूर्वी तो एकदा घरासाठी वापरा. वडिलांबरोबर मेन स्विच कोठे आहे ते पाहून ठेवा, आर.सी.सी.बी. आहे की नाही याची चौकशी करा, ओल आलेल्या भिंतीवरील बोर्ड आईला दाखवा. लहान भावंडांना ओल्या हाताने बटण लावू देऊ नका. पूर आला आणि ओसरला, व घरात कोणी "दिवा लावून पाहू या" असे म्हणाले, तर "वायरमन येऊन तपासून जाऊ द्या, मग लावू," असे नम्रपणे परंतु ठामपणे सांगा. तसे का म्हणता, हे विचारल्यास वरील गणित करून दाखवा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मेन स्विच जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजा. २००५ सालच्या पुरात आपल्या आळीत पाणी किती चढले होते ते वडीलधाऱ्यांस विचारून दोहोंची तुलना करा.

२. अर्थिंगचा रोध २ ओहम असता पत्र्यावर उतरलेल्या विजेचा प्रवाह किती होईल? सोळा अँपिअरची एम.सी.बी. पडेल काय? रोध २३ ओहम असता काय होईल?

३. एका सैल जोडाचा रोध ०.२ ओहम आहे. त्यातून १५ अँपिअर प्रवाह वाहिल्यास तेथे किती वॅट उष्णता निर्माण होईल?

४. आर.सी.सी.बी. व एम.सी.बी. यांच्या कार्यातील भेद आपल्या आजीस समजेल अशा भाषेत दहा ओळींत लिहा.